चौसष्ट बाइटांचं खूळ

वाळूजच्या कारखान्यांत दुसरी पाळी सुटायच्या आधीचा तास शांत असतो. अशाच एका रात्री मी ११ किलोबाइटांपाशी अडून बसलो होतो. आमचा डबा म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांचे आकडे गोळा करून पुढे धाडणारा एक छोटा संगणक. त्याच्या फ्लॅश मेमरीत लिनक्सच्या कर्नलसाठी २ मेगाबाइटांचा कप्पा आखलेला होता, आणि नव्या दुरुस्त्या घालून बांधलेला कर्नल, दाबून-आवळूनसुद्धा, त्या कप्प्याच्या ११ किलोबाइट बाहेर येत होता.

"मोठी चिप टाका ना," आमचे साहेब म्हणाले. "कामून एवढा जीव काढायलात?"

नव्या डब्यांपुरतं त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण जुने डबे ठिकठिकाणच्या कारखान्यांत भिंतीला ठोकून झाले होते. त्यांची चिप बदलायची तर प्रत्येक ठिकाणी माणूस जाणार, यंत्र थांबवणार, स्क्रू काढणार. त्यापेक्षा मी रात्र काढतो म्हटलं.

अशी रात्र काढण्याला लोक खूळ म्हणतात. मी इथे त्या खुळाची स्तुती करायला बसलो आहे, आणि ती शब्दशः खरी समजावी. मेमरी स्वस्त झाली, प्रोसेसर वेगवान झाले, आणि तरी काही माणसं कर्नलमधले बाइट मोजत बसतात. गव्हाच्या पोत्यातून एकेक खडा वेचणाऱ्या बाईला जसं कुणी विचारत नाही की दोन खड्यांनी काय होतं, तसं या माणसांनाही विचारू नये, असं माझं मत आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्या प्रोग्रॅमला केव्हा प्रोसेसर द्यायचा, मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्क आणि नेटवर्कशी कुणी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती बाहेर काढली तेव्हा ती दहा हजार ओळींच्या आसपास होती. आज तिच्या ओळी तीन कोटींच्या वर गेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा निरनिराळ्या उपकरणांच्या चालकांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, आणि आपल्या डब्यात त्यातल्या मोजक्याच लागतात. तरीही जो भाग लागतो तो किती जागा खाणार आणि किती झरझर चालणार, हा प्रश्न उरतोच. बहुतेकांना वाटतं की हे दोन टोकांचे पर्याय आहेत: वेग हवा तर जागा सोडा, जागा हवी तर वेग सोडा. आमच्या शहरात राहणाऱ्याने तरी असं समजू नये.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ते येतं जायकवाडीच्या धरणातून, पन्नासेक किलोमीटरवरून, आणि पाळीपाळीने. त्यामुळे कॅश मेमरी म्हणजे काय, हे इथल्या पोरांना शिकवायला फळा लागत नाही. स्वयंपाकघरातला माठ, अंगणातला हौद, गच्चीवरची टाकी, आणि मग थेट जायकवाडी. प्रोसेसरच्या अगदी कुशीतली पहिली कॅश हा माठ. सूचनांसाठी वेगळा ठेवलेला हा माठ कित्येक प्रोसेसरांत ३२ किलोबाइटांचा असतो आणि त्यातली सूचना घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत हाती येते. तिथे नसली तर हौद, हौदात नसली तर टाकी, आणि कुठेच नसली तर मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला शे-दोनशे ठोके, कधी त्याहूनही जास्त. शिवाय माठात पेलाभर पाणी येऊन पडत नाही, एका खेपेला ठरलेलं माप उतरतं. आज घराघरांत असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत ते माप ६४ बाइटांचं असतं. एकच बाइट हवा असला तरी ६४ येतात, आणि त्या ६४ बाइटांना जागा करायला आधीचे ६४ बाहेर ओतले जातात.

कुणाचे ओतले जातात? कर्नलचं काम इतर सॉफ्टवेअरहून वेगळं आहे ते इथे. लोकांनी संगणक घेतलेला असतो तो कर्नल चालवायला नव्हे. कुणाला हिशेब लिहायचा असतो, कुणाला सातबारा उघडायचा असतो. त्यांचा प्रोग्रॅम मध्येच कर्नलला हाक मारतो, ही फाइल वाचून दे, हे पाकीट पाठव. कर्नल येतो, काम करतो, जातो. पण येताना त्याच्या सूचना त्याच माठात उतरतात. तो आटोपशीर असेल तर तांब्याभर जागा घेऊन जाईल. ऐसपैस असेल तर घरच्यांचं भरून ठेवलेलं पाणी ओतून देईल, आपलं भरेल, आणि तो गेल्यावर घरच्यांना पुन्हा जायकवाडीपर्यंत खेपा घालाव्या लागतील. आणि त्या खेपांचा वेळ कर्नलच्या खाती दिसतच नाही. कर्नलचं काम मोजाल तर ते चटकन झालेलं दिसतं. मंद झालेला दिसतो तो बिचारा हिशेबाचा प्रोग्रॅम.

म्हणून मी म्हणतो की कर्नलमधला बाइट हा परक्या घरातला बाइट आहे. तो वाचवणाऱ्या माणसाला त्याचं फळ स्वतःला कधी दिसत नाही, आणि तरी तो वाचवतो. याला खूळ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझ्या लेखी ही सभ्यता आहे.

आता त्या रात्रीकडे येतो. कर्नल बांधताना कंपायलरला एक कल सांगता येतो. ओ-टू म्हटलं की तो वेगाकडे झुकतो. सुटसुटीत फंक्शनं उचलून बोलावणाऱ्याच्या पोटातच पसरतो, फंक्शनाची सुरुवात सोयीच्या पत्त्यावर यावी म्हणून मधे रिकामी जागा सोडतो. ओ-एस म्हटलं की ओ-टूमधल्या ज्या युक्त्यांनी कोड फुगतो तेवढ्या वगळतो आणि बाकीच्या ठेवतो. मी ओ-एस निवडलं, कर्नल पुन्हा बांधला, आणि तो कप्प्यात मावला. वर थोडी जागा उरलीही. साडेअकराला मी बाबा पेट्रोल पंपावरून घराकडे निघालो तेव्हा फार हलकं वाटत होतं.

आठवड्याने तक्रार आली. पाळी बदलताना सगळी यंत्रं एकदम आकडे पाठवतात, आणि नेमक्या त्या पाच-दहा मिनिटांत डबा मागे पडत होता. काही आकडे हरवत होते. मी एक डबा माझ्या टेबलावर आणला, त्याच्यावर तसाच मारा केला आणि पर्फ नावाच्या साधनाने पाहिलं की प्रोसेसरचा वेळ जातो कुठे. यादीत सगळ्यात वर होतं चेकसम काढणारं फंक्शन, म्हणजे आलेले आकडे वाटेत बिघडले नाहीत ना हे तपासणारं. त्याच्या पोटात पूर्वी एक चिमुकलं फंक्शन पसरलेलं होतं. ओ-एसने जागा वाचवायला ते बाहेर काढून वेगळं ठेवलं होतं. त्यामुळे आता दर बाइटामागे एक हाक आणि एक परत येणं. हाक स्वस्त असते, पण लाखो बाइटांमागे लाखो हाका. काही बाइट वाचवायला मी डब्याचा सगळ्यात तापलेला रस्ताच खणून ठेवला होता.

टॉरवल्ड्स यांना हीच गोष्ट फार मोठ्या मापावर कळलेली होती. ते या माठवाल्यांच्याच पंथातले. सूचना कॅशमध्ये न सापडणं ही कर्नलची मोठी किंमत आहे, असं ते सांगत आले आणि बरीच वर्षं त्यांचा कौल ओ-एसच्या बाजूने होता. मे २०११ मध्ये त्यांनी तो आग्रह सोडला आणि बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं. कॅशच्या किमतीबद्दलचा विश्वास कायम आहे, पण ओ-एस हे त्याचं उत्तर ठरलं नाही. उदाहरण त्यांनी दिलं ते अवघ्या २० बाइटांचं. २० बाइट एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असले तर जीसीसी हा कंपायलर ओ-एसखाली इंटेल घराण्याच्या प्रोसेसरला एकच आटोपशीर पुनरावृत्तीची सूचना देतो: चार-चार बाइटांच्या पाच उचली तूच कर. कागदावर ही सूचना छोटी. पण तेव्हाच्या प्रोसेसरांना ती सुरू करायलाच इतका वेळ लागे की त्यापेक्षा माठात पाणी नसतं तरी परवडलं असतं. प्रोसेसर कधीतरी हे काम नीट करू लागतील अशी आशाही त्यांनी तिथेच व्यक्त केली होती. २०१९ च्या इंटेलच्या आइस लेक प्रोसेसरांत छोट्या नकला जलद करण्याची सोय आली. २०११ सालचं उत्तर त्या दिवशीच्या प्रोसेसरांसाठी बरोबर होतं, आणि प्रोसेसर बदलल्यावर प्रश्न पुन्हा उघडावा लागला.

मला या नोंदीचं फार अप्रूप आहे. ज्या माणसाच्या शब्दाला जगभरचे कर्नलवाले मान देतात, त्याने वर्षानुवर्षं धरलेली भूमिका २० बाइटांसाठी सोडली आणि सोडताना विश्वास कुठला शिल्लक आहे तेही सांगितलं. उलट बाजूलाही त्यांचा हात तितकाच आखडता राहिला. ओ-थ्री म्हणून आणखी आक्रमक पायरी आहे, ती वळणं उलगडून आणि फंक्शनं पसरून कोड आणखी फुगवते. २०२२ मध्ये ती सगळ्यांना उपलब्ध करावी अशी सूचना आली तेव्हा त्यांनी ती मानली नाही. वेग वाढेल या नुसत्या भरवशावर कर्नल फुगवायला ते तयार नव्हते.

फुगण्याची ही खोड माणसांचीही आहे. फंक्शनाच्या आधी इनलाइन हा शब्द लावला की ते बोलावणाऱ्याच्या पोटात पसरावं असं कंपायलरला सुचवलं जातं, आणि तरुण प्रोग्रॅमरला वाटतं आपण वेग दिला. कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांत या सवयीला सरळ आजार म्हटलं आहे. फंक्शन तीन ओळींपेक्षा मोठं असेल तर सहसा इनलाइन करू नये, असा तिथला ठोकताळा. कारणही तिथे दिलं आहे: फुगलेला कर्नल कॅशमध्ये जास्त जागा व्यापतो आणि सगळी यंत्रणाच जड होते. मी हा परिच्छेद दरवर्षी नव्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवतो.

सगळ्यात सुंदर काम मात्र इनलाइनच्या वादात नाही. ते आहे लग्नाच्या मांडवासारखं. डबा सुरू होताना कर्नलला शेकडो कामं एकदाच करायची असतात: मेमरी किती ते मोजणं, उपकरणं शोधणं, तक्ते मांडणं. त्या कामांचा कोड इनिट अशी खूण करून मेमरीच्या एका वेगळ्या पट्ट्यात ठेवलेला असतो. सगळं मार्गी लागलं की कर्नल तो पट्टा मोडतो आणि जागा मोकळी करतो. डब्याच्या तारेला लॅपटॉप जोडून बसलं की सुरुवातीच्या ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटाकडे एक ओळ येते, न लागणारी इतकी-इतकी किलोबाइट मेमरी सोडून दिली. ती ओळ दिसली की मला दर वेळी बरं वाटतं. वऱ्हाडी गेले, मांडव उतरला, अंगण घरच्यांना परत मिळालं. लग्न उरकल्यावर तीन महिने मांडव तसाच ठेवणारी माणसं आपण पाहिली आहेत. कर्नल लिहिणाऱ्यांनी ही शिस्त वर्षानुवर्षं पाळली आहे.

अशीच आणखी एक शिस्त. कर्नलमध्ये पावलोपावली प्रश्न विचारावे लागतात: मेमरी मिळाली का, पत्ता खरा आहे का. बहुतेक वेळा उत्तर ठीक असतं, क्वचित वाईट. लिहिणारा त्या क्वचितच्या वाटेवर अनलाइकली अशी खूण करतो, आणि कंपायलर चूक निस्तरायचा कोड मुख्य रस्त्यावरून उचलून लांब नेऊन ठेवतो. बाइट तेवढेच राहतात, कधी एखाद-दुसरा वाढतोसुद्धा. पण रोजच्या वाटेवरचे ६४-६४ बाइटांचे घास नुसत्या कामाच्या सूचनांनी भरतात. एकूण आकार आणि चालता आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडगळ माळ्यावर असली तर घर मोठं असूनही वावर सोपा असतो.

टॉरवल्ड्स यांचं लिनक्स आलं त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. तो एकाच मोठ्या प्रोसेसरवर उभा नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांना एकमेकांशी जोडून केलेला होता. या टी ८०० जातीच्या ट्रान्सप्यूटरच्या अंगातच वेगवान मेमरी होती ४ किलोबाइट. ती कॅशसारखी आपोआप भरणारी नव्हे; काय आत ठेवायचं आणि काय बाहेरच्या संथ मेमरीत, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. ४ किलोबाइट म्हणजे हा लेखसुद्धा त्यात मावणार नाही. ज्यांनी त्या चिपवर काम केलं त्यांना आकार आणि वेग यांचा हिशेब पुस्तकातून शिकावा लागला नसेल. आतला प्रत्येक बाइट कुणाला तरी बाहेर ठेवून आलेला होता. आपल्याकडे महासंगणकाची गोष्ट नेहमी अब्जावधी गणितांच्या आकड्यांनी सांगतात. मला ती या ४ किलोबाइटांपासून सांगावीशी वाटते.

माझ्या डब्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कर्नलच्या मेकफाइलमध्ये एकेका फाइलला वेगळा कल सांगता येतो. मी सगळा कर्नल ओ-एसवरच ठेवला आणि चेकसमच्या त्या एका फाइलपुरती ओळ लिहिली, हिला ओ-टू. फाइल थोडी फुगली. कर्नल अजून मावत होता, पण काठोकाठ. पुढच्या दुरुस्तीला जागा हवीच होती. मग बारीक कंगवा घेऊन बसलो. कर्नलच्या स्क्रिप्टांमध्ये ब्लोट-ओ-मीटर नावाची एक आहे. आधीचा आणि नंतरचा कर्नल तिच्यापुढे ठेवला की कुठलं फंक्शन किती बाइटांनी वाढलं आणि कुठलं किती उतरलं याची उतरंड ती छापते. तिच्यावरून मी काय काय काढलं त्याला मोठं नाव नाही. डब्याला कधीच न जोडल्या जाणाऱ्या उपकरणांचे चालक. आम्ही वापरत नव्हतो त्या दोन फाइलपद्धती. कुणी न वाचणारे लांबलचक संदेश. दोन दिवस गेले. पाळी बदलतानाचा मारा पुन्हा केला, एकही आकडा हरवला नाही. साहेबांना मी ब्लोट-ओ-मीटरची यादी दाखवली. त्यांनी ती वरून खालपर्यंत वाचली, आणि पुढच्या डब्याची चिप ठरवायच्या बैठकीला मला बोलावलं.

आमच्या शहरात हे शिकायला मिळतं याचा मला आनंद आहे. विद्यापीठाच्या आवारात संगणक शिकवणारी नायलिट ही संस्था आहे, शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत मुलांनी लिहिलेला कोड रात्रंदिवस कुणाचं तरी काम करत असतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या सर्व्हरांवर बाइट मोजणं दुरून पाहावं लागतं. इथे डबा हातात घेता येतो.

गेल्या पावसाळ्यात पैठणकडची एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सर, चौसष्ट बाइटांनी काय होतंय?" मी तिला माठ आणि जायकवाडी सांगितलं. तिच्या गावाला लागूनच नाथसागर, म्हणजे जायकवाडीचाच जलाशय; तिला पटायला वेळ लागला नाही. महिनाभराने ती एक फंक्शन घेऊन आली. त्याचा आकार होता ७२ बाइट, म्हणजे ६४ च्या एका घासात न मावणारा. पाकीट आलं की दर वेळी त्यातून जावं लागायचं. तिने चूक निस्तरायची वाट लांब नेऊन ठेवली, एक तपासणी दोनदा होत होती ती एकदाच केली आणि फंक्शन ६० बाइटांवर आणलं. त्याची सुरुवात ६४ च्या हद्दीवर येईल याचीही तजवीज केली. तिचा चेहरा उजळलेला होता. वहीत तिने दोन्ही आकृत्या पेन्सिलने काढल्या होत्या, आधी दोन चौकटींत सांडलेलं फंक्शन आणि नंतर एकाच चौकटीत बसलेलं.

"मोजलं का?" मी विचारलं.

तिने टेबलावरच्या डब्यावर मारा लावला. वीस वेळा जुना कर्नल, वीस वेळा नवा. आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिले. दोन्ही रकान्यांत फरक दिसेना. वर-खाली होत होतं ते दोन्हीकडे सारखंच. त्या डब्यावर ते फंक्शन इतक्या वेळा बोलावलं जात होतं की दोन्ही घास माठात कायमच बसून असावेत, असं तिनेच पाच मिनिटं विचार करून सांगितलं. उलट, हद्दीवर आणण्यासाठी मागे सोडलेली रिकामी जागा मात्र वाढली होती.

महिनाभराचं काम होतं. मी काही बोललो नाही. तिने कागदाची घडी घालून वहीत ठेवली, संगणकावर आपला बदल मागे घेतला, आणि नोंदीत कारण लिहिलं: मोजून पाहिलं, फरक पडला नाही. मग ब्लोट-ओ-मीटरची यादी पुन्हा काढून तिने बोट खाली नेलं, एका ओळीवर थांबवलं, आणि खुर्ची पुढे ओढली.